दहापैकी सात

८ जुलै

आत्या,

साधाच नमस्कार. आईच्या पलंगाशेजारी माझी गादी टाकल्यापासून साष्टांग घालण्याइतकी लांब जागा खोलीत उरलेली नाही. 'पत्र लिहिण्यास कारण की' असलं काही दिसलं तर पत्र न वाचता परत पाठवीन, असा दम तूच दिला होतास, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

आईच्या खुब्याचं हाड हळूहळू सांधतंय. डॉक्टर म्हणतात, अजून थोडे दिवस. जुळी मजेत आहेत. काल दोघांनी मिळून खाली बाबांच्या लाँड्रीत एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या बाहीत मांजराचं पिल्लू कोंबलं आणि बाबा तो कोट तसाच मशीनमध्ये टाकायला निघाले होते. पिल्लू ओरडलं म्हणून वाचलं.

ठरल्याप्रमाणे महिन्याचा निबंध पाठवते. विषय तुझा, 'माझ्या खिडकीतून'. आपल्या घरच्या पद्धतीप्रमाणे पत्र आणि निबंध दोन्ही आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आत्याला लिही की मी बरी आहे आणि खारू माझं फार करते. लिहिलं.

तुझी खारू

*माझ्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि मान वाकवली तर खालचा रस्ता. सकाळी तिथून शाळेची मुलं जातात. वरून त्यांचे चेहरे दिसत नाहीत, फक्त भांग दिसतात. मी भांगावरून मुलं ओळखते. सरळ भांग दोन मैत्रिणींचा, त्या नेहमी बोलत जातात. एक भांग रोज बदलतो. वाकड्या भांगाचा मुलगा सगळ्यांत शेवटी, घंटा ऐकू आली की पळत सुटतो. तो वळणावरून दिसेनासा झाला की रस्त्यावर पाहण्यासारखं काही राहत नाही. मग मी खिडकी लावून घेते, कारण आईला उजेडाचा त्रास होतो.*


१६ जुलै

खारूबाई,

निबंध पोचला, वाचला, शिक्षकांच्या खोलीत दोघींना वाचूनही दाखवला. माझ्याकडच्या पोरींना खिडकीवर लिहायला सांगितलं तर सगळ्यांच्या खिडकीत एकच सूर्य उगवतो आणि तेच पक्षी किलबिलाट करतात. एवढ्या मोठ्या वसतिगृहात एकीलाही खिडकीबाहेरचा नळ दिसला नाही! आणि तू भांगावरून माणसं ओळखतेस. शाब्बास.

आता कान इकडे कर. तर्काची एक ढोबळ चूक पकडली आहे. घंटा झाल्यावर पळणारा मुलगा तुला खिडकीतून दिसतो, तर तू स्वतः शाळेत पोचतेस कधी? लेखकाने सगळ्यांना पाहावं आणि स्वतःला विसरावं, हे चालायचं नाही. या चुकीचा एक गुण कापला.

सोबत एक पुस्तक पाठवते, सर्कशीतल्या मुलीचं. वाचून प्रतिसाद लिही. गोष्टीचा सारांश नको, तो मला पाठ आहे. तुला काय वाटलं ते हवं.

वहिनीला सांग, औषधाला नाक मुरडू नकोस. तुझ्या बाबांनी लावलेली मदतीची बाई वेळेवर येते ना?

आत्या


११ ऑगस्ट

आत्या,

चूक मान्य. पुढच्या वेळी स्वतःला मोजून लिहीन.

पुस्तक एका बैठकीत वाचायचं होतं, पण बैठक मिळता मिळत नाही. आईला कूस बदलून द्यायची, जुळ्यांना भरवायचं, दुकानातल्या कपड्यांना खुणेच्या पट्ट्या लावायच्या, त्यात ते पुस्तक घरभर फिरलं. त्याच्या पाठीवर कांजीचा डाग पडलाय, रागावू नकोस. मदतीच्या बाईंचं बाबा तुला फोनवर सांगतील. रविवारचा फोन आईच्या उशाशी असतो आणि सगळे एकदम बोलतात, त्यामुळे कदाचित राहूनही जाईल.

खारू

*ही सर्कस लहान आहे. जाळं बांधायला खांब नाहीत म्हणून चार माणसं चार टोकं धरून उभी राहतात. नायिका चौथं टोक धरते. तिला समुद्र पाहायचा असतो. शेवटच्या प्रकरणात ती पहाटे तंबूतून निघून जाते, समुद्र पाहते आणि पुस्तक संपतं. लेखकाने समुद्राचं वर्णन फार सुंदर केलं आहे.*

*पण त्या दिवशी चौथं टोक कोणी धरलं, हे लिहिलेलं नाही. मी शेवटचं प्रकरण पुन्हा वाचलं. पानं चिकटली असतील म्हणून बोट लावूनही पाहिलं. वर झोक्यावर तिची आई होती. मला समुद्राचं वर्णन नीट वाचता आलं नाही, कारण माझं सगळं लक्ष त्या टोकाकडे होतं. ती मुलगी वाईट आहे असं मला वाटत नाही. पण मी असते तर मला समुद्र दिसला नसता.*


२० ऑगस्ट

खारू,

याला प्रतिसाद म्हणायचं की लेखकाची उलटतपासणी? पानात बोट घालून पाहिलंस, हे वाचून मी वर्गातच हसले.

तरी स्पष्ट सांगते, तू विषय सोडून भरकटलीस. पुस्तक स्वातंत्र्याबद्दल आहे आणि तू जाळ्याच्या टोकाला लोंबकळत राहिलीस. प्रत्येक गोष्टीतल्या प्रत्येक कामाला बदली माणूस शोधत बसलीस तर जगातली एकही नायिका घराबाहेर पडायची नाही. सहा गुण, आणि तेही बोटासाठी.

आता एक गोष्ट लिही, संपूर्ण तुझी. नायिका तुझ्या वयाची असू दे. तिला काहीतरी हवं असलं पाहिजे आणि वाटेत काहीतरी आडवं आलं पाहिजे. आमच्याकडे यंदा शाळा-शाळांमधून मुलांचं लेखन मागवून एक संग्रह काढायचं चाललंय. जमली तर पाठवू. सहामाहीचा अभ्यास कसा चाललाय, ते एका ओळीत कळव.

आत्या


१९ सप्टेंबर

आत्या,

उशीर झाला. आईचं दुसरं ऑपरेशन झालं, ते बाबांनी कळवलंच आहे. आता तिला काठी धरून उभं राहायला सांगितलंय, पण ती घाबरते. उभी राहिली की माझा दंड इतका घट्ट धरते की बोटं उठतात. बाबांचा धरत नाही. म्हणते, खारूच्या हाताची सवय झाली.

गोष्ट लिहिली आहे. आईला वाचून दाखवली. ती बटणांच्या जागी हसली, फार दिवसांनी.

खारू

लिफ्टमधली मुलगी

*एक मुलगी लिफ्टने वर निघाली होती. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट बंद पडली. वरच्या फटीतून चौथ्या मजल्यावरच्या लोकांचे पाय दिसत होते आणि खालच्या फटीतून तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांची डोकी.*

*सगळे धावत आले. कोणी बिस्किटं आत सरकवली, कोणी उशी. म्हणाले, घाबरू नकोस, थोड्या वेळात चालू होईल. तोवर चौथ्या मजल्यावरची बाई म्हणाली, बसलीच आहेस तर एवढं शर्टाचं बटण लावून देशील का गं? मुलीने लावलं. बटण फार छान लागलं. दुसऱ्या दिवशी सहा शर्ट आले. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी एक बाळ आत सरकवलं, जरा सांभाळ म्हणाले. मग बाळाला सोबत म्हणून दुसरं बाळ आलं.*

*सगळे तिचं कौतुक करायचे. म्हणायचे, बाई गं, लिफ्ट नेमकी आपल्याच मजल्याशी अडकली म्हणून बरं, नाहीतर आपलं कसं झालं असतं!*

*लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस रोज यायचा. दाराला हात लावायचा, मुलीकडे पाहायचा आणि "उद्या बघू" म्हणून जायचा. त्याला लिफ्टचं सगळं समजत होतं. तो वाईट नव्हता.*


२७ सप्टेंबर

खारूताई,

गोष्ट वाचून मी खुर्चीतून उठले आणि खोलीत दोन फेऱ्या मारल्या. दुसरं बाळ आत येतं तिथे तर मी मोठ्याने 'अरे देवा' म्हणाले. तुला विनोद येतो, हे मला माहीत नव्हतं.

पण खाली लाल शाईत लिहिलंय ते नीट वाच. ही मुलगी ओरडत का नाही? तिला कुठे जायचं होतं? वर कशासाठी निघाली होती? आणि तो दुरुस्तीवाला! त्याला सगळं समजतं, तो वाईट नाही, मग लिफ्ट दुरुस्त का करत नाही? असं माणूस असतं का कुठे? 'विश्वासार्ह वाटत नाही' असा शेरा मी त्याच्यासमोर दिला आहे. त्याला एक तर दुष्ट कर, नाहीतर ठार अडाणी. गोष्टीला एक धड खलनायक हवा, म्हणजे वाचकाला कोणावर चिडायचं ते कळतं. नाहीतर तो नायिकेवरच चिडतो. मी चिडलेच.

आणि शेवट कुठे आहे? तू नुसतं लिहायचं थांबवलंस.

दहापैकी सात. दुरुस्त करून पाठव.

अभ्यासाची ओळ पुन्हा विसरलीस.

आत्या


१४ ऑक्टोबर

आत्या,

खलनायक शोधला. इमारतीत वरपासून खालपर्यंत प्रत्येक माणसाला नीट पाहून घेतलं. कोणी सापडला नाही. एकेकाला वाईट करून लिहून पाहिलं, पण दोन ओळींत ते पुन्हा चांगले होतात. खलनायक असता तर तिने पहिल्या दिवशीच आरडाओरडा करून इमारत गोळा केली असती. चांगल्या माणसांवर ओरडायचं कसं, हे तिला येत नाही. ती ओरडली तर चौथ्या मजल्यावरच्या बाईला वाटेल, आपण बटणं लावून घेतली म्हणून ही ओरडते. ती फार मनाला लावून घेणारी बाई आहे.

दुरुस्तीवाल्याचं असं आहे की लिफ्ट चालू झाली की मुलगी जाणार, आणि मग वरचे आणि खालचे सगळे त्याच्याकडे बघणार. म्हणून तो उद्या म्हणतो. शिवाय मुलीने कोणाला काही सांगायचं नाही, अशी शपथ घेतली आहे. ते गोष्टीत घालता आलं नाही, इथे सांगते.

शेवट तीनदा लिहिला. लिफ्ट आपोआप चालू होते, असं लिहिलं तर मलाच खोटं वाटलं. गुण कापायचे तर काप.

खारू


२२ ऑक्टोबर

खारू,

हरले बाई. खलनायकाचा हट्ट मागे घेते. तुझी गोष्ट होती तशी काल वर्गात वाचली. माझ्या पोरी, ज्या एरवी बाकाखाली एकमेकींचे पाय ओढत असतात, त्या पाय आखडून ऐकत होत्या. तास संपल्यावर एक माझ्या मागे मागे खोलीपर्यंत आली आणि विचारू लागली, "बाई, मग ती सुटली का?" मी म्हटलं, लेखिकेलाच विचारते.

शेवट नाही म्हणून गुण सातच ठेवते, पण गोष्ट संग्रहाला पाठवते आहे. त्यासाठी तुझ्या मुख्याध्यापिकांची सही लागते, 'ही आमच्या शाळेची विद्यार्थिनी' म्हणून. घरात आजारपण, तुला कुठे धावपळ करायला लावू? मीच आज सकाळी तुझ्या शाळेला पत्र टाकलं.

छापून आली की वहिनीला पहिली प्रत.

आत्या


२९ ऑक्टोबर

आत्या,

तू शाळेला का लिहिलंस? ती गोष्ट पाठवू नकोस. ती चांगली नाही, तूच म्हणालीस शेवट नाही. बाईंना खूप कामं असतात, त्यांना त्रास नको. जमलं तर ते पत्र परत मागव.

हे पत्र मी आईला वाचून न दाखवता बंद करते आहे.

पुढच्या महिन्यापासून लेखन थांबवावं असं वाटतं. मला विषय सुचत नाहीत.

खारू


१० नोव्हेंबर

बंधुराज,

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. हे घरी वाचून दाखवायचं नाही. एकट्याने वाच.

खारूच्या मुख्याध्यापिकांचं उत्तर आलं. वर्ष सुरू झाल्यापासून ती शाळेत गेलेली नाही. तू एकदा जाऊन 'थोडे दिवस' म्हणून सांगून आलास, त्यानंतर तुझाही पत्ता नाही. सहामाही तिने दिली नाही. त्या बाई भल्या आहेत, नाव अजून ठेवलंय, पण महिनाअखेर काढावं लागेल म्हणतात.

तू मला फोनवर काय सांगितलंस? बाई लावली आहे, सगळं ठीक चाललंय. कुठे आहे ती बाई? तुझी चौदा वर्षांची पोर आईची कूस बदलते, जुळ्यांना भरवते, तुझ्या दुकानातल्या पट्ट्या लावते आणि खिडकीतून शाळेला जाणाऱ्या मुलांचे भांग बघते. तिने ते मला लिहून पाठवलं. आणि मी काय केलं? तर्काची चूक म्हणून गुण कापला! महिनोन्‌महिने पोरगी मला सांगते आहे आणि मी लाल शाईने 'विश्वासार्ह वाटत नाही' असं लिहून परत पाठवते आहे. काल सगळी पानं पुन्हा काढून वाचली. मला माझ्याच अक्षराची शिसारी आली.

वहिनीला मी दोष देत नाही. पडून राहणं म्हणजे काय असतं ते मला कळतं. पण तू तर चालता-फिरता आहेस.

इथे वसतिगृहात एक खाट रिकामी आहे. आमच्या मुख्याध्यापिकांशी बोलले, नववीत अजून घेतील, सुट्टीत बसून मी तिचा अभ्यास भरून काढीन. पुढच्या रविवारी मी येते आणि तिला घेऊन जाते. तुझं उत्तर मला हवंय. हो की नाही, एवढंच लिही. कारणं लिहू नकोस.

ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

पत्र मिळालं. तू एका शब्दात उत्तर मागितलंस, ते मला जमणार नाही. लिहिणं माझ्या हाताला नाही हे तुला माहीत आहे, शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस. तरी लिहितो.

बाई लावली होती, खोटं बोललो नाही. आठवडाभर आली. हिला परक्या बाईने हात लावलेला सोसेना, तोंड फिरवून रडायची. बाई जायची ती गेली. खारू म्हणाली, मी करते. मी म्हटलं, थोडे दिवस. ते थोडे दिवस काही संपायचं नाव घेईनात. तुला कळवायचं नाही अशी शपथ तिला मीच घातली. तू येऊन घर डोक्यावर घेशील आणि तुझंच बरोबर असेल, हे मला ठाऊक होतं.

पण ताई, तिची पाकिटं पोस्टात टाकणारा मीच. टाकायच्या आधी इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून वाचायचो. लिफ्टची गोष्ट वाचताना इस्त्री शर्टावर राहिली आणि पाठीला जळून भोक पडलं. तो दुरुस्तीवाला कोण, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ती गोष्ट मला फाडता आली असती. खारू विचारती तर म्हटलं असतं, टपालात गहाळ झाली. मी पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं आणि पेटीत टाकलं. म्हटलं, माझ्या तोंडून निघत नाही, पोरीच्या तोंडाला मीच कुलूप घातलंय, पण ताई दिवसभर हेच काम करते, ती वाचेल आणि पुढच्या गाडीने येईल.

तू सात गुण पाठवलेस. खरं सांगतो, मला तुझा फार राग आला. मग मी पुढच्या पत्राची वाट पाहिली, मग त्याच्या पुढच्या. शाळेला लिहिलंस ते कळलं तेव्हा खारू दिवसभर जेवली नाही आणि मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. बापाने असं वागावं का, ते तू ठरव.

आता तुझ्या प्रश्नाचं. मला हो म्हणता येत नाही. हिच्यासमोर कसं म्हणू? खारू जरा खोलीबाहेर गेली की ही दाराकडे बघत बसते. पोरगी परत आली की तोंडावर रंग येतो. डॉक्टर म्हणतात आता काठीने चालायला हवं, पण खारूचा दंड आहे तोवर ही काठी हातात घेणार नाही, आणि ते हिला सांगायची माझी छाती होत नाही. ही वाईट नाही गं. भ्यालेली आहे.

तर तू रविवारी ये. मी नाही म्हणेन. हिच्यासमोर, जुळ्यांसमोर, आवाज चढवून म्हणेन. तुला लागतील असे दोन शब्दही बोलेन. तू ऐकू नकोस. खारूही नाही म्हणेल. पलंगाचा गज धरून बसेल, आईला सोडून येत नाही म्हणेल, आणि ते तिचं खरंच असेल. तिचंही ऐकू नकोस. मागे घर कसं चालवायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही, पण ती गेल्याशिवाय मी ते ठरवणारही नाही, एवढं मला माझ्याबद्दल कळलंय.

तिचे कपडे रोज एक-दोन करून धुवायला म्हणून खाली आणतो आहे. इस्त्री करून, कागदात बांधून, गिऱ्हाइकांच्या गठ्ठ्यांमागे ठेवलेत. घरातल्या जिन्याने उतरा आणि दुकानातून बाहेर पडा. गठ्ठा काउंटरवर काढून ठेवलेला असेल. मी तेव्हा मागे मशीन चालू करून उभा असेन. मला हाक मारू नका.

तुझा भाऊ